माणसाचा बडग्या होणार नाही

मूर्तीचे डोळे बाईमाणसाने रेखू नयेत, असं नागपूरच्या चितार ओळीत, मूर्तिकारांच्या त्या वस्तीत, सगळेच मानत. माती बाईने मळावी, तणस बाईने बांधावं, रंगाच्या वाट्या बाईने धुवाव्यात. डोळे मात्र पुरुषाने काढायचे. मनकर्णा सव्वीस वर्षांची असताना नवरा काविळीने गेला. तेव्हा कारखान्यात साठ गणपती बिनडोळ्यांचे उभे होते आणि चतुर्थीला अकरा दिवस उरले होते. दीर म्हणाला, मी माणूस पाठवतो. मनकर्णाने माणसाची वाट पाहिली नाही. सासऱ्याची बारीक कुंचली घेतली, दार उघडं ठेवलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत साठच्या साठ मूर्तींचे डोळे रेखले. दोन गिऱ्हाइकं परत गेली. बाकीच्यांनी मूर्ती नेल्या, कारण एवढे शांत डोळे त्यांनी आधी पाहिले नव्हते.

ही गोष्ट एकोणीसशे चोपन्न-पंचावन्नची. पुढे ती ‘मनकर्णाबाई’ झाली. ओळीच्या मागच्या गल्लीत तिचा कारखाना: वर टिन, तीन बाजूंना बांबूचे तट्टे, चौथी बाजू रस्त्याला उघडी. आवाज खालचा. बोलणं कमी. एकदा नाही म्हटलं की त्यावर पुन्हा बोलायची तिला सवय नव्हती.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबती, म्हणजे राक्षसिणींचे मोठे पुतळे, निघतात. काळी मारबत, पिवळी मारबत आणि त्यांच्यामागे वस्त्यावस्त्यांचे बडगे. बडग्या म्हणजे बांबूच्या कामट्यांच्या सांगाड्यावर कागद, चिंध्या चढवून केलेला पुतळा. गळ्यात पाटी. महागाईचा बडग्या, साठेबाजाचा बडग्या, ज्याचा लोकांना राग त्याचा बडग्या. ‘रोगराई घेऊन जा गे मारबत’ असं ओरडत मिरवणूक गावाबाहेर जायची आणि तिथे सगळं जाळलं जायचं. गल्लीच्या मंडळाचा बडग्या दर साली मनकर्णाच करून द्यायची.

त्र्याहत्तर साली पोळ्याच्या आधी पंधरा दिवस मंडळाचे भैयाजी कारखान्यात आले. भैयाजींचं किराणा दुकान होतं. गल्लीत कोणाचं लग्न असो की मयत, पहिला पाय त्यांचा. माणूस वाईट नव्हता. पण आपण म्हणू ते गल्ली म्हणते, अशी त्यांना सवय झाली होती.

“बाई, यंदा बडग्या मोठा पाह्यजे. बारा फुटी.”

“कशाचा?”

“रोगाचा. महारोगाचा. बायकी करा. हिरवं पातळ, आन डाव्या हाताची दोन बोटं आखूड.”

मनकर्णा गणपतीच्या सोंडेला ओली चिंधी फिरवत होती. हात थांबला.

“रोगाले पातळ काहून नेसवता भैयाजी? आन बोटं डाव्याच हाताची काहून?”

“समजते ना तुम्हाले सगळं.”

“समजते. म्हनूनच विचारून राहिली.”

गल्लीत सातव्या घरात देवकी राहायची. चार वर्षं वर्ध्याकडच्या दवाखान्यात काढून नुकतीच परतली होती. रोग बरा झाल्याचा डॉक्टरचा दाखला तिच्याजवळ होता. पण डाव्या हाताची दोन बोटं आखूड झाली होती आणि गल्लीला दाखला दिसत नव्हता, बोटं दिसत होती. नवऱ्याने दुसरं घर केलं होतं. आईचं घर होतं म्हणून डोक्यावर छप्पर तरी होतं. नळावर ती आली की बायका पाण्याच्या गुंड्या उचलून मागे सरायच्या.

“मी मानसाचा बडग्या बनवत नाई,” मनकर्णा म्हणाली.

“मागच्या साली साठेबाजाचा केला होता का नाई?”

“त्याले नाव नव्हतं, घर नव्हतं. हिले घर हाय. तुमच्या घरून दिसते.”

“विचार करा बाई. मग मंडळाचा गणपतीबी दुसरीकडून आनावा लागन.”

“आना.”

 ती पुन्हा सोंडेला लागली होती. भैयाजी निघून गेले.

बडग्या त्यांनी दुसरीकडून करून आणला. मारबतीच्या दिवशी सकाळी मनकर्णाने अर्धवट मूर्ती पाटासकट उचलली, मातीचं घमेलं कमरेवर घेतलं आणि सातव्या घरी गेली. देवकी आतून कडी लावून बसली होती.

“उघड वं. मी हावो, मनकर्णा. तुह्या ओट्यावर ऊन चांगलं हाय, मले मूर्ती वाळवायची हाय.”

देवकीने दार बोटभर उघडलं. “मनकर्णाबाई, तुम्ही जा. ते इथूनच जानार हायेत.”

“जाऊ दे त्याइले. रस्ता सरकारी हाय.”

आणि ती ओट्यावर मांडी घालून कामाला लागली. मिरवणूक आली. ठरल्याप्रमाणे सातव्या घरापुढे थांबली. ढोल वाजले, बडग्या गदागदा हलवला, पोरं नरडं फुटेस्तोवर ओरडली. मनकर्णा गणपतीच्या पोटाची माती थापत राहिली. कोणीतरी चिखलाचा गोळा फेकला. तो मूर्तीच्या खांद्याला चिकटला. ती थांबली. गोळा काढून बोटांत चुरला, नीट पाहिला.

“रेती लय हाय याच्यात,” ती फेकणाऱ्याच्या दिशेने शांतपणे म्हणाली आणि तो नालीत टाकून दिला.

कोणीतरी हसलं. ढोलाचा ताल चुकला. मिरवणूक पुढे सरकली. दाराआड उभ्या देवकीला रडू येत होतं की हसू, तिचं तिलाच कळेना. ती बाहेर आली आणि मूर्तीच्या पलीकडे बसली. बारा फुटी पुतळा हिरव्या पातळात गल्लीच्या टोकाला वळताना तिने शेवटपर्यंत पाहिला.

ओट्यावरची ही हकीकत महिन्याभरात महापालिकेच्या शाळेपर्यंत गेली. तिथे शोभाताई चौथीला शिकवायच्या. त्या एका संध्याकाळी कारखान्यात आल्या आणि मातीच्या ढिगाजवळ उकिडव्या बसल्या.

“दयेचा धडा मी वर्गात घोकून घेतला, बाई. चाळीस मुलांना पाठ आहे. काल त्याच मुलांनी फळ्यावर बोटं तुटलेल्या बाईचं चित्र काढलं. माझ्याच खडूनं. तुमच्या हातात काही उपाय आहे का?”

“माह्या हातात माती हाय.”

“तीच शिकवा. दर रविवारी, शाळेच्या व्हरांड्यात. आपण त्याला सद्भावना शिबिर म्हणू.”

“नाव तुम्ही ठेवा. पन माती देवकी मळन. सगळ्याइची माती एका घमेल्यात, आन ते घमेलं तिच्या हाताचं.”

शोभाताईंनी होकार दिला. 

देवकीला तयार करणं त्याहून अवघड गेलं. “मले तमाशा नाई व्हायचं,” ती म्हणाली. “पोट्टे पाहतीन, मास्तरीन म्हनन बिचारी. मले कीव नको कोनाची.”

“कीव कोन करते? मले माती मळायले मानूस पाह्यजे. माह्ये गुडघे गेले.”

“बोटाइनं पकड येत नाई.”

“तळव्यानं मळतात माती. बोटानं चिमटा घेतात.”

देवकीने आपला तळवा उघडून पाहिला. दुसऱ्या दिवशी ती आली.

पहिल्या रविवारी चार मुलं आली. दुसऱ्या रविवारी सहा. मनकर्णाने भाषण केलं नाही. मुलांना समोरासमोर बसवलं, डोळे मिटायला लावले आणि सांगितलं, समोरच्याच्या चेहऱ्यावरून हात फिरवा. हळू, मूर्तीवरून फिरवता तसा. मग डोळे न उघडता तो चेहरा मातीत करा. एरवी एकमेकांच्या पाठीत गुद्दे घालणारी ती पोरं. दोन मिनिटांत व्हरांड्यात चिडीचूप झालं.

मुलं वीसच्या वर गेली तेव्हा बळीराम पेंटर आला. शहरातल्या सदर भागात त्याचं दुकान होतं. शहरातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या त्याच्या हातच्या. दाढी वाढलेला, बोलघेवडा माणूस. मनकर्णाकडून तो रंगात घालायचा सरस न्यायचा, तेवढीच ओळख. भुऱ्या कागदाची भेंडोळी घेऊन तो आला आणि त्याने मुलांना शेजाऱ्याचा हात कागदावर ठेवून भोवती रेघ काढायला लावली. मग खाली लिहायचं, या हाताने आज काय काम केलं. देवकीचा हात बळीरामने स्वतः काढला. गोपिका नावाच्या मुलीने त्याखाली लिहिलं: ‘तेवीस जणांची माती मळली.’

ही गोपिका भैयाजींची पुतणी, बारा वर्षांची. घरी न सांगता यायची.

शेवटी आला रुपराव. मूळचा नरखेडकडचा, दंडारीच्या लोकनाट्यात बाईचं सोंग घेणारा. आता सदरमधल्या एका कचेरीत चपराशी. गावात त्याचं सोंग पाहून माणसं डोळे पुसायची आणि दुसऱ्या दिवशी त्यालाच बायल्या म्हणायची. त्याने व्हरांड्यात खडूने नळ काढला, मुलांना रांगेत उभं केलं आणि गोपिकेच्या हातात गुंडी दिली.

“तू बाई. बाकीचे गल्लीवाले. हिले सोडून सगळे पानी भरा.”

मुलं हसत हसत भरू लागली. एक झाला, दुसरा झाला. गोपिका पुढे आली की रांग मागे सरायची. रुपराव काही बोलेना, थांबवेना. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. हसणं केव्हाच संपलं होतं. वीस मिनिटांनी गोपिकेने गुंडी जमिनीवर आपटली.

“माहा नंबर होता,” ती म्हणाली. “केव्हाचा माहा नंबर होता.”

कोपऱ्यात माती मळणारी देवकी उठली. गोपिकेजवळ आली, आडवी झालेली गुंडी सरळ केली आणि म्हणाली, “अशी धरत जा. कमरेवर टेकवून. हात दुखत नाई मंग.” तेवढंच. रुपरावने त्या दिवशीचं काम तिथेच संपवलं.

गोपिका घरी गेली आणि जेवताना काकांना विचारून बसली की देवकीबाईचा नंबर कधी येतो.

त्यानंतर आठ दिवसांत शाळेचा व्हरांडा बंद झाला. भैयाजी दहा पालकांना घेऊन हेडमास्तरांकडे गेले होते. मुलांना रोग लावताय, एका घमेल्यातला गारा हाताळायला लावताय, वर नाचगाणं शिकवताय. हेडमास्तरांनी शोभाताईंना लेखी ताकीद दिली. शोभाताई तो कागद घेऊन मनकर्णाकडे आल्या. 

मनकर्णाने तो त्यांच्याकडूनच वाचून घेतला, घडी घालून परत दिला. “याच्यात शाळेचं नाव हाय. माह्या कारखान्याचं नाई.”

पुढच्या रविवारी शिबिर कारखान्यात भरलं, रस्त्याच्या उघड्या बाजूला. पूर्वी व्हरांड्यात काय चालतं ते कोणाला दिसत नव्हतं. आता सगळ्या गल्लीला दिसू लागलं. मुलं कमी झाली, मोठी माणसं मात्र रस्त्यात उभी राहून पाहू लागली. रुपराव त्यांनाच आत ओढायचा. भाजीवाली यायची, सायकल दुरुस्तीवाला यायचा. शोभाताई ताकीद बाजूला ठेवून येतच राहिल्या.

चौऱ्याहत्तरचा उन्हाळा कडक होता. नळाला तासभर पाणी. मंडळाने नळाभोवती लोखंडी जाळी ठोकली आणि तिला कुलूप लावलं. किल्ली भैयाजींच्या घरी. कारण सांगितलं गर्दीचं. पण सगळ्यांचं भरून झालं की कुलूप लागायचं आणि देवकीचा नंबर त्यानंतर असायचा. मनकर्णाने आपल्या वाट्याच्या दोन गुंड्या तिला नेऊन दिल्या.

देवकीने घेतल्या नाहीत. “राग नका मानू बाई. आयतं पानी नको मले. माह्या हातानं भरू द्या, नाई तर राहू द्या.”

ती रोज दोन फर्लांगावरच्या विहिरीवर जायची. दुसऱ्या दिवसापासून मनकर्णाही दुखरे गुडघे सावरत त्याच विहिरीवर जाऊ लागली. मग बळीरामची बायको. मग शोभाताई, ज्यांच्या घरी स्वतःचा नळ होता.

पाऊस आला तरी कुलूप निघालं नाही. पोळा जवळ आला तसा शिबिरात एकच विषय: बडग्या. रुपरावने कारखान्याच्या मधोमध उभं राहून भैयाजींची नक्कल केली: पोट पुढे, हातात किल्ल्यांचा जुडगा. पोरं लोळली हसून. “यंदा याचाच बडग्या,” रुपराव म्हणाला. “बारा फुटी. त्याच्याच दुकानापुढे नाचवतो. चेहरा तुम्ही करा बाई, तुमच्यासारखा हुबेहूब कोनाले जमनार नाई.”

“नाई,” मनकर्णा म्हणाली.

“काहून?”

“मी मानसाचा बडग्या बनवत नाई.”

“त्यानं काय केलं आठवते ना तुम्हाले? हिच्या दारापुढे?”

“आठवते. म्हनूनच.”

रुपराव चिडला. त्याने आयुष्यभर खालच्या मानेने ऐकून घेतलं होतं आणि आता कुठे एकाला वाकवायची संधी आली होती. “मंग आपन काय हात जोडून बसाचं? दया म्हनजे मुक्याचं काम हाय का?”

“हात जोडून कोन बसते? एक ऐक रुपराव. त्याचा चेहरा केला, का गोपिका घरी कोन्त्या तोंडानं जाईन? त्याची बायको दारात उभी राहून पाहीन. मंग आपन रविवारी पोरायले काय शिकवून राहिलो?”

गोपिका खाली पाहत बसली होती. रुपरावने तिच्याकडे पाहिलं, पायात चपला सरकवल्या आणि निघून गेला. पाच दिवस आला नाही. बळीरामही धुसफुसत होता. मनकर्णाला त्या पाच दिवसांत नीट झोप लागली नाही. माणूस आपला होता, त्याचा राग खरा होता, आणि तरीही ती चूक नव्हती. हे दोन्ही एकाच वेळी खरं असणं तिला जड जात होतं.

तोड देवकीने काढली. माती मळता मळता ती म्हणाली, “कुलपाचा करा ना बडग्या. कुलपाले बायको नाई, पुतनी नाई.”

सहाव्या दिवशी रुपराव आला तेव्हा कामट्या तासल्या जात होत्या.  तो बसला आणि कामट्या बांधू लागला. कुलूप चौदा फुटांचं झालं. बळीरामने त्याला असा काही लोखंडी रंग दिला की लोक हात लावून पाहायचे. पाटीवर काय लिहायचं यावर वाद झाले, शेवटी काहीच लिहिलं नाही.

मारबतीच्या दिवशी ते कुलूप भर दुपारी गल्लीतून निघालं. पुढे रुपराव लुगडं नेसून, डोक्यावर गुंडी घेऊन. मागे मुलं, भाजीवाली, सायकलवाला. एका बाजूचा बांबू देवकीच्या खांद्यावर, दुसऱ्या बाजूचा मनकर्णाच्या. “कुलूप घेऊन जा गे मारबत,” पोरं ओरडत होती. भैयाजींच्या दुकानापुढे मिरवणूक थांबली नाही; तसं मनकर्णाने आधीच बजावलं होतं. मिरवणूक थांबली ती नळापुढे. नळावरचं खरं कुलूप आणि खांद्यावरचं खोटं कुलूप, दोन्ही समोरासमोर. कोणी काही तोडलं नाही, फेकलं नाही. फक्त उभे राहिले. रुपरावने गुंडी जाळीपाशी ठेवली आणि वाट पाहू लागला. व्हरांड्यात पाहायला लावली होती तशी.

गल्ली दारात आली. भैयाजी दुकानातून उठून आले. “हे काय चाललं हाय?”

“नंबर लावला,” देवकी म्हणाली. गल्लीत ती मोठ्याने बोलल्याचं कोणाला आठवत नव्हतं. “माहा नंबर हाय.”

भैयाजींनी मनकर्णाकडे पाहिलं, मग वर कुलपाकडे. चौदा फुटी कुलपावर आपला चेहरा कुठेतरी असेल म्हणून ते शोधत होते, असं तिला वाटलं. चेहरा नव्हता. शिव्या द्यायला तयार झालेलं त्यांचं तोंड तसंच राहिलं.

त्यांची बायको प्रेमलता घरातून किल्ली घेऊन आली. नवऱ्याकडे न पाहता तिने कुलूप काढलं आणि म्हणाली, “उन्हात लेकरं उभी हायेत.” नळाला त्या वेळी पाणी नव्हतं. देवकीने तरी गुंडी तोटीखाली ठेवली. सगळे पाणी येईपर्यंत, म्हणजे साडेचारपर्यंत तिथेच बसले. मग कुलपाचा बडग्या बाकीच्या बडग्यांमागे जळायला गेला.

जाळी काढायला मंडळाला आणखी दोन महिने लागले. गल्ली एकदम बदलली असं कोणी समजू नये. दोन घरं शेवटपर्यंत देवकीनंतर तोटी घासून पाणी भरायची. भैयाजींनी मंडळाचा गणपती पुन्हा कधी मनकर्णाकडून नेला नाही. ती वाट पाहत नव्हती. गणपती घ्यायला येणाऱ्या प्रत्येकाला ती आधी सांगायची, माती देवकीने मळली आहे; न्यायचा असेल तर न्या. काही जण हात जोडून परत जायचे. जरीपटका वस्तीतला एक सिंधी दुकानदार म्हणाला, मूर्ती तर बोलते ना, आणि दर साली नेऊ लागला.

शिबिर बारा वर्षं चाललं. पुढे इतर वस्त्यांतून बोलावणी आली; तिघं कलावंत आणि देवकी एसटीने नरखेडपर्यंत जाऊन आले. शहाऐंशी साली नागपुरातल्या एका संस्थेने मनकर्णाचा सत्कार ठरवला. कार्यकर्ता पत्रिका घेऊन आला. तिने पत्रिका गोपिकेकडून वाचून घेतली. गोपिका आता स्वतः शाळेत शिकवत होती.

“देवकीचं नाव नाई याच्यात.”

“त्या समोर बसतील ना, पहिल्या रांगेत. मंचावर पाहुणे असतात, बाई... जरा अवघड होतं.”

“कोनाले?”

कार्यकर्त्याने पत्रिका उलटून पाहिली.

“मंचावर दोन खुर्च्या मांडा. नाई तर एकबी नका मांडू.”

ठरल्या दिवशी ती हॉलमध्ये पोचली. मंचावर तिच्या नावाची एकच खुर्ची होती, हार ठेवलेला. मनकर्णाने ती दारातूनच पाहिली. मग देवकीचा हात धरून ती समोरच्या सतरंजीवर, मुलांमध्ये जाऊन बसली. माइकवरून तीन वेळा नाव पुकारलं गेलं. ती हलली नाही. रुपराव मागून खाकरला, बळीरामने मोठ्याने विडी मागितली. शेवटी अध्यक्षांनी रिकाम्या खुर्चीकडे पाहत दयेवर वीस मिनिटांचं भाषण केलं, आणि मनकर्णाने ते देवकीच्या खांद्याला खांदा लावून, मांडी घालून, पूर्ण ऐकलं.